निघताना म्हणायचा शब्द

ती. आईस,

तू गेल्यावर ज्यासाठी अर्ज केला होता, तो व्हिसा मिळाला. तिकडेही इथल्यासारखं दातांच्या कवळ्या बनवायचंच काम आहे. मुलाखतीच्या हॉलमध्ये काचेतून ऊन येत होतं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत तू डुलक्या घेते आहेस, असं सारखं वाटत होतं. नंतर पासपोर्ट घेऊन निघताना सवयीने म्हणालो, "येतो."

काउंटरच्या खिडकीतल्या बाई हसल्या. "अहो, आता कशाला येता? झालं की काम!"

आज दाराला कुलूप लावलं आणि अडखळलो. 'येतो' म्हणायला घरात कोणी नाही, आणि 'जातो' तू कधी म्हणू दिलं नाहीस. म्हणून कुलूप काढून परत आत आलो. तुझ्या खाटेवर बसून हे लिहितो आहे.

आई, येतो.

तुझा,
धाकटा