मेजरच्या परसाकडंची हकिकत

कडेगाव, जि. सांगली
ता. २ जुलै १९७८

राजमान्य राजश्री हंबीरराव पाव्हणं, मुक्काम कराड, यांच्या सेवेशी,

कडेगावाहून सुभेदार (पेन्शनर) लालासाहेबाचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे मी, आमची मंडळी, दोन म्हशी आणि मेजर, सगळे खुशाल आहोत. आपला गुडघा काय म्हणतो? निरगुडीचा पाला बांधायला सांगितला होता, तो बांधला की सांगणारा मी म्हणून बांधला नाही? विहीणबाईंचा खोकला पाऊस लागल्यावर वाढतो, त्यांना गार पाण्यात हात घालू देऊ नका. चि. सौ. अंजनाला सातवा लागला. ती जेवते का, की ताटातला भात नुसता चिवडत बसते? लहानपणापासून तिची ती खोड आहे, समोर बसून कोणी गप्पा मारल्या की चार घास जास्त जातात. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही. हे पत्र फक्त कुत्र्याबद्दल आहे.

चैत्रात आमच्या यात्रेला आपण आलात, तेव्हा जे घडलं ते मी विसरलेलो नाही आणि आपणही विसरला नसाल. नवं करकरीत पायताण, परीटघडीचं धोतर, आणि फाटकातून आत टाकलेलं पहिलंच पाऊल नेमकं मेजरने करून ठेवलेल्यावर. पाय घसरला, आपण खाली बसलात (बसलात असं मी आदराने लिहितो), आणि सगळ्या भावकीसमोर मी तांब्याने आपल्या पायांवर पाणी ओतत उभा राहिलो. पासष्टची लढाई पाहिली, एकाहत्तरची पाहिली, पण मान इतकी खाली कधी गेली नव्हती. त्यावर आपण जे बोललात ते मला पाठ आहे. ‘ह्या कुत्र्याची घाण ह्या अंगणात हाय तवर आमची सून बाळंतपणाला ह्या घरात यायची न्हाई.’ पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सातारा जिल्ह्यातही आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे, पण आपला शब्दही शब्द आहे. आता आपण म्हणाल, मग कुत्रं हाकलायचं, त्यात काय एवढं? पाव्हणं, मेजर अंजनाच्या हातचा. डोळे न उघडलेलं पिल्लू तिने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं, नावही तिनेच ठेवलं (तेव्हा मी सुभेदार होतो, म्हणून घरात माझ्या वरचा कोणीतरी असावा एवढाच तिचा हेतू). पोर दारात आल्यावर आधी ‘मेजर कुठाय’ म्हणून विचारणार. तेव्हा कुत्रं हाकललं तर पोरीला तोंड कसं दाखवू, आणि ठेवलं तर पोरच येत नाही. राहिला एकच मार्ग, कुत्र्याला सुधारणे.

आधीची परिस्थिती स्पष्ट लिहितो, कारण शत्रूची ताकद लपवून ठेवलेला रिपोर्ट हा रिपोर्टच नव्हे. मेजर तेव्हा आमच्यासारखंच जेवायचा. शिळी भाकरी, आमटी, ताक, सणावाराला पोळी. आणि दिवसातून चार वेळा, कधी पाच वेळा, वाटेल तिथे बसायचा. गोठ्याच्या दारात, कडब्याच्या गंजीपाशी, फाटकात. ढीग एवढा की नवख्याला वाटावं म्हशीनेच केलं. वास तर विचारू नका (आपल्याला विचारायची गरजही नाही). मी दटावलं, बांधून ठेवलं, एकदा पाच वाजता उठवून परेडला नेल्यासारखं ओढ्यापर्यंत नेलं. ओढ्यावर तो बसला नाही. घरी परत आला आणि फाटकात बसला.

मग मला आष्ट्याचा आकाराम आठवला. मेरठला आमच्या शेजारी लष्करी कुत्र्यांची तुकडी होती, त्यात हा नाईक होता. आता आष्ट्यात ऊस करतो. एसटीने तडक त्याच्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चहा येण्याआधीच निकाल दिला. सुभेदारसाहेब, कुत्र्याला माणसाचं खाणं घालून तुम्ही माणूस करून ठेवलाय. त्याला कच्चं घाला. वजडी, फुप्फुस, थोडी कलेजी, कुरकुरीत मऊ हाडं. शिजवायचं नाही, मीठ नाही, भाकरी तर दाखवायचीसुद्धा नाही. मग बघा परसाकडं कसं बदलतं ते. हे शेवटचं वाक्य तो ज्या खात्रीने बोलला, तशी खात्री मी ब्रिगेडियरच्या तोंडीही ऐकलेली नाही.

घरात अर्थातच स्फोट झाला. मंडळींनी (म्हणजे सौ. रंगूबाईंनी) सांगितलं की कच्चं मटण उंबऱ्याच्या आत आलं तर मी बाहेर जाईन. त्यामुळे गोठ्यामागे पत्रा उभा करून मी कुत्र्याचा वेगळा मुदपाकखाना काढला. मंगळवारी आणि शुक्रवारी खाटकाकडे पिशवी घेऊन मीच जायचं, मीच कापायचं, आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय सोप्यात पाय ठेवायचा नाही. आयुष्यात ज्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नाही, तो मी आता वजडी अशी साफ करतो की खाटीक मला विचारतो, सुभेदार, कुठं शिकला? पहिले तीन दिवस मात्र फार वाईट गेले, ते मी लिहीत नाही. चौथ्या दिवशी उलटंच झालं. हाडं जरा जास्त पडली आणि मेजर बांधावर बसला तो बसलाच. तोंड वाकडं करून माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो, मधे अर्धा तास गेला. मीही नकळत त्याच्याबरोबर कुंथत होतो असं मंडळींचं म्हणणं आहे, ते खरं धरू नये. आकारामला पत्र टाकलं. उत्तर आलं, हाडं कमी करा, धीर धरा.

आणि पाव्हणं, दहाव्या दिवशी चमत्कार झाला. कुत्रा सकाळी एकदा, फक्त एकदाच, आपल्या पायाने उकिरड्यापलीकडच्या बांधावर गेला. काम दोन मिनिटांत. केलं ते केवढं? माझ्या अंगठ्याएवढं. घट्ट, सुबक, कोरडं. वास घ्यायला खाली वाकावं लागलं (वाकलो), तरी आला नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. चार दिवस उन्हात राहिलं की ते पांढरंफेक होतं आणि बोटाने दाबलं की भुगा. लिंबाच्या पानात धरून दाबून पाहिलं आहे, ऐकीव लिहीत नाही. शाळेचे ज्योतिबा गुरुजी पाहायला आले, म्हणाले, खडूच की हो. म्हटलं, फळ्यावर लिहून बघा. त्यांनी लिहिलं नाही. सरपंच आले, शेतकी खात्याचा माणूस खत बघायला आला होता त्यालाही बांधावर नेलं. लोक माझ्या पाठीमागे हसतात हे मला कळतं. हसू देत. सगळ्या सातारा जिल्ह्यात असं एक तरी कुत्रं दाखवावं, मी मिशा उतरवीन.

मधे एकदा मात्र घात झाला, तोही लिहितो. सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस पुन्हा ढीग, पुन्हा वास, आणि तोही गोठ्याच्या दारात. मी हबकलो. सहा दिवसांनी पुन्हा तेच. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तारखा लावल्या तेव्हा ध्यानात आलं की एकदा अष्टमीचा दुसरा दिवस होता, एकदा चतुर्दशीचा. कुत्र्याला तिथी कुठली कळणार? पुढच्या अष्टमीला दुपारी मी कडब्याच्या गंजीआड दबा धरला. शेजारचे धन्यकुमार आडतवाले आपल्याला ठाऊक आहेत, जैन माणूस, यात्रेत आपल्याला बदलायला धोतर त्यांनीच स्वतःचं दिलं होतं. त्यांच्या घरच्या गुणमालावहिनी भिंतीवरून हात घालून मेजरला तूप-साखर लावलेली दूधभाकरी भरवत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. अष्टमी-चतुर्दशी हे त्यांचं पर्व, त्या दिवशी तरी या मुक्या जिवाच्या तोंडात हिंसा जाऊ नये, एवढंच त्या माउलीचं म्हणणं. संध्याकाळी धन्यकुमार स्वतः आले. सुभेदार, पाप करायचं तर तुम्ही करा की, कुत्र्याला कशाला लावता? मला राग आला होता, पण त्यांच्यापुढे रागवायचं तरी कसं? शेवटी आम्ही दोघांनी सोप्यात बसून तह केला. आकाराम म्हणालाच होता की आठवड्यातून एक लंघन कुत्र्याला मानवतं. तेव्हा अष्टमी आणि चतुर्दशीला मेजरला काहीच घालायचं नाही, मी कच्चं नाही, वहिनींनी दूधभाकरी नाही. तेव्हापासून कुत्रा उपास धरतो. या घरात मी जन्मात कधी एकादशी धरली नाही, आणि मेजर अष्टमी-चतुर्दशी कडक पाळतो, नुसत्या पाण्यावर. दुसऱ्या दिवशी बांधावर जातो, वास घेतो, आणि काहीच काम नाही असं पाहून परत येतो. वहिनी त्याला आता ‘मेजरभाऊ’ म्हणतात.

तर एकूण स्थिती ही अशी आहे. गेले चाळीस दिवस अंगणात एकही घटना नाही. मी रोज सकाळी स्वतः पाहणी करतो, फाटकापासून सोप्यापर्यंत, काठीने गवत बाजूला करून. आपण यावं, पांढरं धोतर नेसून यावं, पायताण फाटकाबाहेर काढावं आणि डोळ्यांना पंचा बांधून अंगणभर अनवाणी चालावं. पुढे मी चालेन. पायाला काही लागलं तर या लालासाहेबाला सुभेदार म्हणू नये, एवढंच लिहितो. कुत्र्याबद्दल याहून जास्त अभिमान बरा नव्हे हे कळतं, पण आवरत नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना पाठीवरून हात. अंजनाला म्हणावं, मेजर बरा आहे.

आपला,
लालासाहेब

ता. क. – बाळासो ट्रकवाल्याच्या हाती पत्राबरोबर दोन वस्तू पाठवत आहे. पितळी डब्यात अंजनासाठी मंडळींनी केलेले डिंकाचे लाडू आहेत. दुसरी लहान डबी तपकिरीची आहे, पण आत तपकीर नाही, पुरावा आहे. आपल्याला तपकिरीची सवय, म्हणून मुद्दाम कळवतो. पत्र वाचून झाल्यावरच डबी द्यायची असं बाळासोला बजावलं आहे, तरी तो उलटं करील अशी मला धास्ती आहे.

ता. क. दुसरा – लष्करी माणूस आहे, लपवून ठेवणार नाही. वरील सर्व मजकूर मोठ्या कामापुरता समजावा. लहान काम मेजर अजून सोप्यातल्या खुर्चीच्या पायाशीच करतो, आणि ती खुर्ची आपण बसता तीच आहे. कच्च्या खाण्याचा त्यावर काही परिणाम नाही असं आकारामही मान्य करतो. खुर्ची माळ्यावर टाकली आहे. आपल्यासाठी बाज घालू.

ता. क. तिसरा – (हा मी लिहीत नाही, मंडळींनी पेन काढून घेतलं आहे. – ला.) पाव्हणं, मी रंगूबाई. चौथीपतोर शिकलीया, तवा अक्षराला हसू नगा. कुत्र्याचं त्यांनी लिवलंय त्ये समदं खरं हाय. पर एवढी पानं लिवली आन लिवायची व्हती ती एक वळ काय लिवली न्हाई. पोरीच्या खोलीला त्यांनी सोताच्या हातानं चुना दिलाया. पाळणा सुताराकडनं आणून कोपऱ्यात ठिवलाया, वर चादर टाकलीया, कुणाला दिसू नये म्हणून. दोनदा कराडच्या गाडीत बसलं, तुमच्या दारापतोर आलं, आन तसंच माघारी फिरलं. मला म्हणालं, व्याही घरी न्हवतं. बाळासो म्हणतोय, तुमी वट्यावर पेपर वाचत बसला हुता. आवं, लढाईवरनं ह्यांची पत्रं यायची, त्यात भ्या वाटतंय असं कवा लिवलं न्हाई ह्या माणसानं. आता तुमच्या एका न्हाईला भितोय. रात दिस कुत्र्याच्या मागं काठी घिऊन फिरतोय, ती काय कुत्र्यासाठी व्हय? तुमी शब्द घाणीवर टाकला व्हता. घाण गेली. आता तुमच्या शब्दाचं तुमी बघा. बुधवारच्या पयल्या गाडीनं मी येतीया. पोरीची पिशवी भरून ठिवा.