बोडीकडे गेलेलं पाणी

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आज मी तुझ्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. तरीही मार्च महिन्यातल्या एका दुपारी मला तुझी भीती वाटली. तू असतास तर काय म्हणाला असतास, याची भीती. आधी मी कुठे काम करते ते सांगायला हवं. बिरसीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये, बिअरचा एक छोटा कारखाना आहे. मोठ्या कंपनीचा नाही, एका मालकाचा, आठ-दहा माणसांचा. नात्यातले लोक अजून 'दारूच्या कारखान्यात जाते' असंच म्हणतात आणि आई विषय बदलते. मी बिअर बनवत नाही. मी तिथलं पाणी पाहते. रोज सकाळी कुडव्याहून स्कूटीने निघते, आणि पोचेपर्यंत डोक्यावर बिरसीच्या धावपट्टीवरच्या शिकाऊ विमानांच्या घिरट्या सुरू झालेल्या असतात.

त्या कारखान्यात काही वाया जाऊ द्यायचं नाही, असा मालकाचा हट्ट आहे, आणि खरं सांगते, त्याच हट्टापायी मी तिथे टिकले. बॉयलर राइस मिलच्या तुसावर चालतो. जवासोबत मिलमधली तुटकी कणी शिजते. उरलेला चोथा वाफाळता असतानाच गावातले लोक म्हशींसाठी पोत्यांत भरून नेतात, कारण उन्हात तो दुसऱ्या दिवशी आंबतो. शेवटच्या धुण्याचं पाणी साठवून दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला वापरतो. जे खरंच घाण पाणी, ते टाक्यांमधून आणि मग कर्दळीच्या लांबलचक वाफ्यातून जातं, मुळं त्याला गाळतात, आणि पलीकडे नितळ होऊन नाल्याला लागतं. नाला गावच्या बोडीत उतरतो. बोडी म्हणजे एवढासा तलाव, पण गावाची गुरं, धुणी आणि मासोळी सगळं तिच्यावर. फक्त एक गोष्ट या वाटेने सरळ जाता कामा नये, ती म्हणजे कॉस्टिक सोडा. स्टीलच्या टाक्या त्याने धुतात. त्याची वेगळी काळी टाकी आहे. तिच्यात मोजून ॲसिड घालायचं, कागदाच्या पट्टीने तपासायचं, आणि पट्टीने हो म्हटल्यावरच व्हॉल्व्ह उघडायचा. हे काम माझं. दुसऱ्या कुणी त्या व्हॉल्व्हला हात लावत नाही.

तुला नवेगाव बांधचा तो दिवस आठवतो का? मी सातवीत असेन. मामाच्या शेतातला फवारणीचा पंप मी तलावाच्या काठाला धुवायला बसले होते. शहाणपणाचंच काम करतेय असं वाटत होतं मला. तू डोंगा काठाला लावतोस, जाळं खांद्यावरच, आणि पंप उचलून वर रस्त्यावर फेकून देतोस. मग माझा हात धरून मला पाण्यापासून ओढत नेतोस. "काय करून राहिली तू? काय करून राहिली?" तू मारलं नाहीस. तुझा आवाज थरथरत होता, आणि मला तेच जास्त लागलं, कारण तुला घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वर रस्त्यावर आल्यावर तू म्हणालास, "पाणी बोंबलत नाई, पोरी. मासोळी उलटी झाली तवाच समजते, अन् तवा काई करता येत नाई." त्यानंतर दोन दिवस तू त्या काठाला जाळं टाकलं नाहीस. मी रोज सकाळी जाऊन पाहत होते, काही तरंगतंय का. पाण्याला काही होईल ही भीती तेव्हा माझ्यात शिरली, आणि तिच्याच जोरावर मी ही नोकरी धरली असं म्हण.

त्या दिवशी एका कॉलेजची मुलं कारखाना पाहायला आली होती. मालक म्हणाले, "मॅडम, जरा इनको दिखाइए, अपना पानी कैसे साफ होता है." मला बोलायला आवडतं, हे तुला माहीत आहे. मुली वहीत लिहून घेत होत्या. एकीने विचारलं, कर्दळच का लावली? मी तिच्याकडे वळून सांगत होते, आणि सांगता सांगता, पाणी वाफ्यात कसं पसरतं ते दाखवायला मागे हात नेऊन व्हॉल्व्ह फिरवला. शेजारी शेजारी दोन व्हॉल्व्ह आहेत. एक साध्या धुण्याच्या पाण्याचा, एक काळ्या टाकीचा. त्या टाकीत त्या दिवशी अजून ॲसिड पडलेलं नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, चहा झाला, बस गेली. तासाभराने मी सवयीने वाफ्याच्या टोकाला बसून पाण्यात बोटं घातली. बोटं एकमेकांवरून साबणासारखी सरकली.

बाबा, बोटं अशी सरकतात ती कॉस्टिकनेच. पट्टी बुडवली, ती गडद निळी झाली. मी धावत जाऊन काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. मग बॉयलरवाल्या भाऊंना हाक मारली. त्यांनी फावडं घेतलं, आम्ही दोघांनी तुसाची पोती आणि माती टाकून नाला अडवला. मार्चचा नाला, जवळजवळ कोरडा, म्हणून पाणी हळू चाललं होतं. पण पुढे गेलेलं गेलंच होतं. मी काठाकाठाने पळत सुटले. बोडीच्या तोंडाशी पांढरा फेस दिसला. पलीकडे एक म्हातारी काकू म्हशीला पाण्यात घालत होती.

"काकू, म्हैस बाहेर काढा! पाण्यात उतरू नका!"

"काऊन व? काय झालं?"

"आमच्या कारखान्यातलं कॉस्टिक गेलं पाण्यात. अंग भाजते त्यानं."

तिने म्हशीची शेपटी पिरगाळली, म्हैस बाहेर आली. मग ती फेसाकडे बघत हळूच म्हणाली, "आत्ताच तं बीज सोडलं होतं वं आमच्या पोरायनं." मासोळीचं बीज. तिची मुलं ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या सोसायटीतली, तुझ्यासारखीच.

मालकांना कळलं तेव्हा ते डोकं धरून बसले. "गाँववालों को बताने की क्या जल्दी थी? एक-दो दिन देख लेते." पण संध्याकाळच्या आत त्यांनीच नाल्यातली माती खणून काढायला माणसं लावली, हेही लिहिते. सोसायटीचे लोक आले. अध्यक्षांनी मला एकच विचारलं, "सुटलं कसं?"

पुढचे तीन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. रोज उजाडताच बोडीवर. पहिल्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी बोटाएवढी मासोळी उलटी पडलेली, पांढरी पोटं वर. मी मोजली नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडी आणखी. पट्टीचा रंग उतरत होता, पण माझा पट्टीवर विश्वास उरला नव्हता. चौथ्या दिवशी काकूच्या मुलाने खोल भागात जाळं फेकलं. ते वर आलं. जाळ्यात मासे उड्या मारत होते. काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वाचलं व, बाई. तू पळत आली म्हणून वाचलं." तेव्हा मी रडले. त्यांना वाटलं आनंदाने.

सुटलं कसं, या प्रश्नाला मी म्हणाले होते, "व्हॉल्व्ह खराब झाला, जी." तोंडातून निघून गेलं, आणि मग परत घेता आलं नाही. मालकांनी दुसऱ्याच दिवशी नवा व्हॉल्व्ह बसवला. जुना ज्याने बसवला होता तो फिटर कुडव्यातच राहतो, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. चांगला कारागीर. त्याला आता कारखान्यात बोलावत नाहीत. "ऐसा काम करेगा तो कैसे चलेगा," असं मालक माझ्यासमोर फोनवर म्हणाले आणि मी रजिस्टरमध्ये पाण्याच्या नोंदी लिहीत राहिले.

तुला हे पत्र पोचणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच एवढं लिहिता आलं. काल तो चौकात भेटला. भाजीची पिशवी हातात होती. रागावलेला नव्हता. म्हणाला, "ताई, त्या व्हॉल्व्हमधी नेमकं काय बिघडलं होतं जी? मले समजून घ्यायचं होतं, दुसरीकडं तसं होऊ नये म्हून." मी म्हणाले, उशीर होतोय, नंतर बोलू, आणि गाडी सुरू केली.

बाबा, उशीर होत नव्हता.