घरातली सोयरीक

धनज

प्रिय समी,

हे पत्र राखीच्या हाती पाठवतेय. ती माझ्याच उपकेंद्रात नर्स आहे, फोडून वाचणारी नाही. फोन केला असता, पण मला मध्येच रडू फुटलं असतं आणि तू अर्धंच ऐकून घाबरली असतीस. आधी नीट बस, मग वाच.

वाशीमला आमचं प्रशिक्षण होतं, आनुवंशिक आजार आणि सिकलसेलचं समुपदेशन. सरावासाठी आम्ही नर्सनी एकमेकींच्याच बोटांना टोचलं. नळीत रक्ताचा थेंब टाकल्यावर मागच्या काळ्या रेघा दिसल्या पाहिजेत. सगळ्यांच्या दिसल्या, माझी नळी मात्र ताकासारखी गढूळ. मी हसत म्हटलं, नळी धुतली नव्हती वाटतं! पुन्हा केलं, मग मोठी तपासणीही झाली. मी सिकलसेलची वाहक निघाले गं! गावभर लोकांना समजावत हिंडते मी, आणि माझंच रक्त मला ठाऊक नव्हतं.

आजारी नाही हं मी. रक्ताची एक खूण, म्हणजे जनुक, आईकडून येते, एक बापाकडून. एकीतच दोष असला तर माणूस ठणठणीत राहतो. दोन्ही दोषी आल्या की आजार. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक धोका. बाईंनी हे फळ्यावर काढून दाखवलं आणि मला एकदम भागवत आठवला.

आत्याचा थोरला, तुझ्या दिनेशचा भाऊ. तो गेला तेव्हा तू नि दिनेश अगदी लहान होतात. त्याचे डोळे पिवळे असायचे, थंडीत सांधे धरून ओरडायचा, आत्या विटा तापवून शेकत बसायची. गावानं वात ठरवून टाकला. मी प्रशिक्षणातून थेट आत्याचं गाव, रिठद गाठलं. आत्या कांद्याच्या रोपाला पाणी देत होती. भागवतचं विचारताच तिनं पाइप खाली टाकला. म्हणाली, "बाहेरची सोयरीक केली असती तं भागवत कायनं गेला ते लोकायनं इचारलं असतं. म्हून घरातल्या घरात केलं, बाई." मी हादरलेच! डॉक्टरांनी तिला तेव्हाच आजाराचं नाव सांगितलं होतं, साऱ्या घराचं रक्त तपासा म्हणाले होते. तिनं फक्त तुझ्या-माझ्या बाबांना सांगितलं, आणि बहीणभावानं तोंड शिवून घेतलं. म्हणजे जे लपवायचं होतं, ते जिथं दुप्पट व्हायचं तिथंच नेऊन ठेवलं. दिनेशशी तुझं साक्षगंध झालं, लग्न ठरलं म्हणून मी पेढे वाटले, आणि या दोघांना सगळं माहीत होतं! डोकं फिरायची वेळ आली माझी.

बाबांना गाठलं तर भेंडीच्या वाफ्यातून मान वर न करता म्हणाले, "मले काय झालं? या वयातही वाफे खंदून राह्यलो. ते दुखणं दाजीच्या घरचं. तू काहून पोरीचं मोडून राह्यली?" हा आजार एकाच घरून येतच नाही, हे त्यांना पटेना. आत्या वाहक, मी वाहक, मग बहुतेक बाबाही वाहकच. शेवटी त्यांनी हात जोडले. लग्न होऊ दे, मग सांग म्हणाले. बापाला हात जोडताना पाहून मला भडभडून आलं, पण मी हो म्हटलं नाही.

लग्न मोड असं मी सांगणार नाही. माहिती द्या, निर्णय त्यांचा, हेच आम्हाला बजावलंय. बहीण म्हणून ते पाळणं फार जड जातंय. तुझ्यात दोष नसेलही, मग हळद खुशाल लागू दे. पण आधी रक्त तपास. आणि आज हे लिहायचं कारण वेगळंच आहे. दिनेश उद्या माझ्याकडे लग्नाची पत्रिका घेऊन येतोय. आपला भाऊ कशानं गेला, हे त्याला आजवर कुणीच सांगितलेलं नाही. मी सांगणार आहे. तो हसतहसतच येईल गं. समी, तू येशील? त्याच्याजवळ बसायला कुणीतरी हवं.

तुझीच,
राधिकाताई