आक्का, त्या पेशींना थांबवता येतं

प्रिय आक्का,

काल तुझ्या स्वातीला गांधीलमाशी चावली. घाबरू नकोस, पोरगी बरी आहे! लातूरला क्लासच्या जिन्यात चावली. ओठ सुजले, दम कोंडला. पण मी देऊन ठेवलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तिनं स्वतःच मांडीत मारलं. मैत्रिणींनी दवाखाना गाठला. मी नांदेडहून पोचले, तर बाई कॉटवर बसून बिस्किटं खात होती.

तुला शेतात चावली, तेव्हा जवळ काय होतं गं? त्याआधीही एकदा तुझं तोंड सुजलं होतं म्हणे. "काय न्हाई होत, चुना लावते," म्हणालीस आणि भाकरी थापायला बसलीस. मी नुकती डॉक्टर झाले होते, निदान मला तरी सांगायचंस! दुसऱ्या वेळी जीप निलंग्याला पोचायच्या आत तुझा श्वास थांबला. स्वाती रांगत होती.

भूकंपात आई गेली. पत्र्याच्या शेडमध्ये माझी वेणी घालणारी तू, पाढे घेणारी तू. लातूरच्या क्लासला सोडताना एसटीत म्हणालीस, "लई शिक." शिकले. पण तू गेल्यावर पेशंट सोडून प्रयोगशाळेत शिरले. एवढ्याशा माशीनं धडधाकट माणूस जातंच कसं?

काल स्वातीनं तेच विचारलं. "मावशी, एवढं जहाल असतं का विष?"

"विषापेक्षा आपल्याच मास्ट पेशी नडतात. कातडीत, श्वासनळीत पहाऱ्याला असतात. तुझ्या पेशी या विषावर डूख धरून बसल्यात. ते दिसलं की आतलं हिस्टामिन एकदम बाहेर ओततात; त्यानंच अंग सुजतं, दम कोंडतो."

"आन् त्यांना थांबवणारं काहीच न्हाई?"

"हाय की! त्यांच्याच अंगावर काही रिसेप्टर असतात, गाडीच्या ब्रेकसारखे. ते चालू झाले की पेशी आतून शांत होते. ते चालू कसे करायचे, हेच आम्ही शोधतोय."

आक्का, या महिन्यात लॅबमध्ये काचेच्या बशीत माणसाच्या मास्ट पेशी घेतल्या, आधी त्यांचे ब्रेक दाबले आणि मग त्यांना चिथावलं. बऱ्याचशा गप्प राहिल्या! मी एकटीनंच टाळ्या पिटल्या. बशीत जमलं ते अंगात जमेलच असं नाही, औषध अजून लांब आहे. पण वाट आहे!

"मी येऊ तुझ्या लॅबमध्ये?" स्वाती म्हणाली. हनुवटी वर करून, अगदी तुझ्यासारखी.

"आधी फिजिक्स सुधार," म्हटलं. पण आतून केवढी हरखले मी!

तुझ्या लेकीला रानात, झाडाखाली बिनघोर फिरता येईल, तोवर मी हे काम सोडणार नाही. शब्द देते.

तुझीच,
मीरा