बंब्याचा तांबडा दिवा

१४ एप्रिल १९८४

जयंती. सकाळी समाजमंदिरात वंदना. नंतर स्टुलावर चढून पताका बांधत होते, तर खालून हाक आली, "सुमनताई, उतरा, कामाचं बोलायचंय." सिनेमा कंपनीचे वसंतराव. एस.टी.ने आले होते, घामाघूम.

'नभयात्री'चा चौथा भाग निघतोय. मे महिन्यात मुळशी धरणाचं पाणी उतरलं की शूटिंग, नेहमीसारखं. या वेळी ग्रह नवीन आहे म्हणे. ग्रह बदलतो, चिखल तोच.

मी म्हटलं, नाव येणार असेल तर येते. व.राव कान खाजवत बसले. दिग्दर्शक साहेबांच्या कानावर घालतो म्हणाले. तीन सिनेमे त्या यंत्रमानवाच्या पत्र्यात उभी राहिले, आणि तिन्ही वेळा पडद्यावर नावांच्या पाट्यांत काय, तर 'बंब्या : स्वतः'. साहेबांचं म्हणणं, आत बाई आहे कळलं तर पोरांचा विरस होईल. माझ्या विरसाचं कोणी विचारत नाही.

जेवून गेले व.राव. श्रीखंड दोनदा घेतलं.

१७ एप्रिल

मी शिकवते त्या बालवाडीत पोरं बंब्या-बंब्या खेळत होती. एकानं डोक्यावर घमेलं घातलं, बाकीचे विचारतात, "बंब्या, हितं कोण हाय का?" मग तो छातीवर हात आपटतो. डावा हात म्हणजे हिरवा दिवा, कोणी नाही. उजवा म्हणजे तांबडा, कोणीतरी आहे. पहिल्या भागापासून हा नियम. शेंबडं पोरगंही चुकत नाही.

न राहवून सांगितलं, अरे तो बंब्या म्हणजे मी. सगळी हसली. सखूची धाकटी म्हणाली, "न्हाई बाई, बंब्या गडी हाय. त्याचा आवाज गड्याचा हाय."

खरंच आहे. आवाज पुण्याच्या एका नटाचा. तो गार खोलीत बसून बोलतो. त्याचं नाव मात्र येतं.

२ मे

व.राव बंब्याचा सांगाडा घेऊन आले, टेम्पोतून. ओसरीत उतरवला. आई त्याला बघून अजून दचकते. न्हाणीतला तांब्याचा बंब पोटाला, तेलाच्या डब्यांचे हातपाय, डोळ्यांना मोटारीचे आरसे. पिरंगुटच्या वर्कशॉपमधून नवा पत्रा आणून गुडघे बदललेत. आतून गोणपाट लावलंय, तरी काखेत चावणारच.

आत गेलं की बसता येत नाही, नाक खाजवता येत नाही. पहिल्या वेळी पुण्याहून आणलेला ठेंगणा पोऱ्या दुपारी आतच चक्कर येऊन पडला. मी युनिटच्या स्वयंपाकाला होते. व.रावांनी माझी उंची बघितली आणि हात जोडले. बस्स, तेवढ्यावर सात वर्षं झाली. नांदून परत आलेल्या बाईला कोणी विचारत नसताना यांनी विचारलं, याचं तेव्हा मला फार वाटलं होतं. आता त्या वाटण्याचाच राग येतो.

दोन्ही दिव्यांची बटणं आत, डाव्या तळव्याखाली. सेल नवे घातले. लावून बघितले. दोन्ही ठीक.

६ मे

साहेब आले. रेस्ट हाउसवर सगळ्यांना बोलावलं. मला बघून, "काय बंब्या, कसा आहेस?" आठ लोकांसमोर. मी म्हटलं, मी बरी आहे.

नावाचं मीच काढलं. हसले. खांद्यावर हात ठेवला. "या वेळी नक्की. शब्द देतो." शेजारी उभा असलेला आमचा कप्तान (तिन्ही भागांचा नायक, सिनेमात तीन ग्रह जिंकलेत, इथं विंचवाला घाबरतो) घड्याळ बघत होता.

शब्द तर दिला. धरून चालते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "नावाचं लई मनावर घेऊ नगंस." तिच्या माहेरच्यांचं तेच झालेलं. धरण झालं तेव्हा ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांनी भांडून काही ना काही मिळवलं. आमच्या वस्तीच्या नावावर काहीच नव्हतं. पाणी आलं, उठले, वर चढले. आई तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. बाकी बायकांना माहेर असतं, आईचं माहेर पाण्याखाली. दर उन्हाळ्यात थोडं वर येतं, कधी नाही.

१० मे

आजपासून शूटिंग. या वेळी पाणी बरंच खाली गेलंय, म्हणून साहेबांनी पुढची, आतली जागा धरली. आईच्या गावाची. भेगाळलेला गाळ, मधेच जोत्यांचे दगड, काळे बोडके बुंधे. साहेब खूश. "बघा, माणसाचा मागमूस नाही."

मागमूस नाही कसा? होता, तो काढायला माणसं लावली आहेत. मडक्याची खापरं, उंबऱ्याचे दगड, पाट्या-वरवंट्याचे तुकडे उचलून चौकटीबाहेर टाकायचे. मग वाडीतल्या कातकरी बायका करवंदीच्या फांद्या घेऊन उलट्या चालत सगळ्यांची पावलं पुसतात. प्रत्येक शॉटच्या आधी. नव्या ग्रहावर पाऊल दिसता कामा नये. त्यातली एक हसत मला म्हणाली, "ह्यांला पायाची येवढी शिसारी का वं?"

तोवर डोकं चढवलं होतं, बोलले असते तरी आतल्या आत घुमलं असतं.

११ मे

चूक माझीच, घरी बोलले. आई सकाळी माझ्या आधी तयार. काठी, डोक्यावर पदर, आणि वर चहाही नको.

तिला जागा बरोबर सापडली. घरापुढं अंगणात उखळ होतं, ठेवलेलं नव्हे, खालच्या कातळातच कोरलेलं. त्यामुळं ते कुठं जाणार? गाळ भरला होता. तिनं बोटांनी गाळ काढला, कोपरापर्यंत हात घातला, आणि तशीच बसून राहिली. "आई हितं नाचणी कांडायची. मी हितं बसायची." माझी आई 'आई' म्हणते तेव्हा मला नेहमी विचित्र वाटतं.

युनिटचा मुकादम ओरडला, म्हातारीला फ्रेमच्या बाहेर काढा. कोणाची म्हातारी ते त्याला माहीत नव्हतं, मी पत्र्यात होते. व.रावांनी जाऊन तिला हाताला धरून सावलीत नेलं. ते सभ्य आहेत.

उखळ मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. ग्रह जिंकल्याचा झेंडा रोवायला कातळात पहार लागत नव्हती, सकाळपासून खटपट चालली होती. आता आयतं भोक मिळालं. साहेब म्हणाले, "वा, निसर्गानं केलेलं दिसतंय."

मी आत होते. घाम डोळ्यांत गेला होता, पुसता येत नव्हता.

१२ मे

दुपारच्या जेवणाला व.राव माझ्याशी नजर मिळवेनात. खोदून विचारलं. पाट्या पुण्यात रंगवून झाल्यात, गेल्या महिन्यातच. 'बंब्या : स्वतः'. म्हणजे सहा तारखेला खांद्यावर हात ठेवून शब्द देत होते तेव्हा रंगसुद्धा वाळला होता.

व.राव म्हणाले, "ताई, मी बोललो होतो." बोलले असतील.

भाकरी टाकून उठले. मग परत येऊन खाल्ली. उपाशी पोटी त्या पत्र्यात उभं राहणं जमत नाही, आणि रुसायला मी काही कप्तान नाही.

१३ मे

शेवटचा दिवस. शेवटचा शॉट.

कप्तानाला उद्यापासून नाटकाचा दौरा. कच्ची फिल्म एवढ्या एका शॉटपुरती उरलेली. साहेब दहा वेळा बजावत होते, एकदाच होणार, कोणी चुकायचं नाही. मला म्हणाले, "बंब्या, तुझं सोपं आहे. चालत यायचं, फिरून बघायचं, हिरवा लावायचा. संपलं."

आई लांब, आंब्याच्या बुंध्यावर बसली होती. बायका पावलं पुसत मागं गेल्या.

कप्तान आला. डोळ्यांवर हात धरून चारी बाजूंना पाहिलं. विचारलं, "बंब्या, इथं कोणी आहे?" मी फिरले. आरशांच्या फटीतून तेवढंच दिसतं, एक पट्टी. पट्टीत गाळ, मग दगड, मग उखळ, मग आई.

तांबडा लावला.

हात चुकला नाही. सात वर्षांत कधी चुकला नाही. आज तर बटण बोटानं दोनदा चाचपून मग दाबलं, आणि दाबूनच धरलं.

कप्तान बिचारा गोंधळला, पण पाठ केलेलं बोलून टाकलं, "या ग्रहावर कधीही कोणी राहिलेलं नाही. आजपासून हा आपला." झेंडा उखळात घातला, सलाम ठोकला. मी शेजारी, तांबडी. कॅमेरा फिरत होता. फिल्म संपली.

१४ मे

काल पुढचं लिहायचं राहिलं.

डोकं उतरवल्यावर साहेब समोरच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. मला वाटलं हात उचलतात. म्हणाले, "का केलंस?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? बंब्याला विचारा. तो स्वतः आहे ना."

व.राव पलीकडं तोंड करून उभे, त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय कोण जाणे. साहेब गाडीत बसून गेले.

आज अंग मोडून आलंय. काखेत फोड. वाईट वाटत नाही, चांगलंही वाटत नाही. आईनं हळद लावली आणि विचारलं, "त्यो दिवा मुद्दाम लावलास?" हो म्हटलं. हळद जरा जास्तच लावली.

२२ जुलै

पाणी चढलं. ग्रह बुडाला. कंपनीकडून अक्षर नाही. तो शॉट कापून टाकला असणार. कापला तर कापू दे असं म्हणते खरी. नाव तर गेलंच. एवढा एक दिवा तरी राहू दे.

१९ जानेवारी १९८५

पौडला तंबूत 'नभयात्री ४' लागला. आईला घेऊन गेले. बायकांच्या बाजूला पुढं जागा मिळाली.

पाट्या. 'बंब्या : स्वतः'. माहीत असून दोनदा वाचलं.

शेवटचा शॉट ठेवलाय. पडद्यावर तांबडा लागला आणि तंबूतली सगळी पोरं एका आवाजात ओरडली, "कोन तरी हाय!" अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

मग कप्तान बोलला. ओठ जुनंच बोलत होते, आवाज नवा भरलेला: "इथं कोणीतरी राहत होतं. आपण पाहुणे आहोत." आणि पाहुण्यानं झेंडा उखळात रोवला, सलाम केला, समाप्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई पडद्याकडं बघतच राहिली. माणसं उठायला लागली तेव्हा म्हणाली, "झेंडा काढायचा ऱ्हायला की."



३ फेब्रुवारी

बालवाडीच्या पर्यवेक्षिका बाईंनी पेपर दाखवला. शेवटच्या तांबड्या दिव्याचं भरभरून कौतुक. साहेबांची मुलाखत. ही कल्पना त्यांना मुळशीच्या काठावर एकटं बसलेलं असताना सुचली. आतून आवाज आला म्हणे. आतून आला एवढं खरं आहे.

पर्यवेक्षिका म्हणाल्या, तुमच्या गावाचं नाव झालं हो. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, बंब्या गडी आहे.

१० मार्च

व.राव आले. पाचवा भाग. याच मे महिन्यात, लोकांची मागणी आहे. पुन्हा मीच हवी. दुसऱ्या कोणाला ती चाल जमत नाही, दोघांना घालून बघितलं म्हणे, एक बदकासारखा चालतो.

सांगाडा नवा, हलका, ॲल्युमिनियमचा. काखेला फोम. चांगलं केलंय म्हटलं. मग व.राव खाली मान घालून म्हणाले, दिव्यांची बटणं आत ठेवायची नाहीत असा हुकूम आहे. पाठीतून वायर निघणार, बटणं साहेबांच्या माणसाच्या हातात.

नावाचं विचारलं. "बघू म्हणालेत."

चहा केला. आई ओसरीवरून म्हणाली, "नगं जाऊस." आणि मग, "पर तू न्हाई गेलीस तर तितं कोन ऱ्हाईल गं?"

नाही म्हणावं तर बदक चालणार आणि हिरवा लागणार. हो म्हणावं तर मी चालणार आणि हिरवाच लागणार.

जुना सांगाडा गेल्या मेपासून ओसरीतच पडून आहे, व.राव उद्या तो भंगारात न्यायला येतील. तेव्हाच माझं उत्तर घेऊन जाणार.

ते गेल्यावर सांगाड्याच्या डाव्या हाताच्या डब्यात हात घातला. तांबड्याचं बटण जागेवर आहे. मेपासूनचे सेल, मेले असतील असं वाटलं होतं. भर दुपारी नीट दिसत नाही, पण लागतो.