रक्तपेढी सोडून सगळे

३ जून, मंगळवार

आजही तोच आदेश धाडला – 'रक्तपेढी सोडून सगळे.'

इस्पितळाचे इतके सर्व्हर, एकेकाला कोण हाताळणार? एका ओळीत नमुना लिहायचा. नावानंतर चांदणी (*) दिली की त्या नावाने सुरू होणारे सगळे आले. नावाआधी उद्गारचिन्ह दिलं की तेवढा एक वगळला! सुरक्षेची दुरुस्ती सगळ्यांवर चढली. रक्तपेढीच्या सर्व्हरवर नाही. कधीच नाही. का? कोणाला ठाऊक! मागची ओळ उचलायची, चालवायची. ते उद्गारचिन्ह मी लिहिलेलं नाही. पण पुसलेलंही नाही.

४ जून

शेजारच्या टेबलावरच्या नेटवर्कवाल्याला विचारलं. "ताई, कशाला विकतचं दुखणं घेता? चालतंय ना? चालू द्या."

चालतंय खरं – दारं सताड उघडी टाकून! कोणी आत शिरून नोंदी बिघडवल्या तर कोणत्या पिशवीत कोणतं रक्त तेच कळणार नाही. आणि दुरुस्ती चढवताना यंत्र कायमचं बसलं तर? तेही माझ्याच हातून. इकडे आड, तिकडे विहीर.

६ जून

आईच्या वाढदिवसाचं जेवण पुढच्या रविवारी. निरोप मागच्या वर्षीचाच उचलला. धाकटी बहीण म्हणाली, "दादा सोडून सगळ्यांना पाठव. आईचं माहितीये ना!"

माहितीये. बाबांच्या आजारपणात दादा आला नाही, तेव्हा आई कडाडली होती – "त्याला बोलावलंत तर मी पानावर बसणार नाही!"

पाठवला.

९ जून, सोमवार

निवृत्त साहेबांना फोन केला. रक्तपेढीचा सर्व्हर वगळला त्यांनीच होता. काय भयंकर कारण निघतंय कोण जाणे! ते हसतच सुटले. "अगं, तेव्हा डिस्क बदलायची होती त्याची. आठवडाभर हात लावू नका म्हटलं होतं. अजून तसंच?"

आठवडाभर! आम्ही सगळे एवढे जपून वागणारे, की विचारायचंच राहिलं. याला जपणं म्हणायचं का?

१० जून

आधी सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवली. रक्तपेढीतल्या बाईंना तासभर नोंदी कागदावर घ्यायला सांगितलं. मग उद्गारचिन्ह काढलं, आदेश धाडला. दुरुस्ती चढली आणि पुन्हा सुरू होण्यासाठी यंत्र बंद झालं. बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या.

"उठलं का हो?"

"उठतंय."

उठलं! सगळ्या नोंदी जागच्या जागी.

"एवढंच होतं?" बाई म्हणाल्या.

एवढंच.

११ जून

आईला दादाचं विचारलं. शेंगा सोलत होती. हात थांबले.

"रागाचं बोलणं ते! मला वाटायचं, तुम्ही दरवर्षी बोलावता – आणि तोच येत नाही."