सातव्या डावाचा चौकोन

केंट्रिज, आयोवा
१७ सप्टेंबर १९८९

प्रिय क्लेमेंट,

तुझी तब्येत बरी असेल, गुडघा फार छळत नसेल अशी आशा करते.

आमच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आपण तिघं मीठ लावून टोमॅटो खायचो, आठवतं? खिडकीत रेडिओवर बेसबॉलचा सामना, एमेटच्या मांडीवर वही. प्रत्येक चेंडूचं काय झालं ते तो त्याच्या चौकोनात टिपून ठेवायचा. तू म्हणायचास, "अरे, खेळ ऐक की जरा. लिहितोस काय नुसता!" तो म्हणायचा, "ऐकलेलं तू विसरशील." टोमॅटोचा रस तुझ्या कोपरापर्यंत ओघळायचा. मला सध्या तेवढंच नीट दिसतं.

तुझा भाऊ, माझा एमेट, गेल्याचं तुला पेपरातून कळलं असेल. मीच आधी कळवायला हवं होतं. एकतीस वर्षं तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा कुठल्या तोंडाने लिहू, असं झालं.

आपला संघ जिंकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा केंट्रिजने लीगचं अजिंक्यपद आणलं. जूनमध्ये आपण शेवटच्या नंबरवर होतो. मग जिंकायला लागले, आणि नशीब फिरू नये म्हणून ऑगस्टपासून बसच्या ड्रायव्हरने मोजे बदलले नाहीत. विजयाची मिरवणूक एमेटला अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं त्या घरावरून गेली, तेव्हा बँड थांबला. सगळ्यांनी टोप्या काढल्या. दुखवट्याचं म्हणून घरी शेजाऱ्यांनी चार हॅम आणून दिले आहेत. मला काहीच होत नाही, क्लेम. रडू येत नाही. लोकांच्या बशा धुऊन परत करते.

शेवटचा सामना सांगते. सहा डाव झाले, तरी आमच्या गॅलोवेच्या फेकीवर कुणालाही एकही फटका साधला नव्हता. अशा वेळी काय करायचं ते तुला ठाऊक आहे. त्याविषयी बोलायचं नाही, बसल्या जागेवरून हलायचं नाही, नाहीतर नजर लागते. मी नेहमीसारखी वर, मैदानाच्या ऑर्गनपाशी होते, एमेट शेजारी त्याच्या गुणलेखकाच्या टेबलाशी. सातव्या डावात चेंडू अडवताना आपल्या डेल्बर्ट प्रुइटच्या हातमोज्याला लागून निसटला आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोचला. तो फटका, की डेल्बर्टची चूक, हे एमेटने ठरवायचं. फटक्याला एक बोट, चुकीला मूठ; चूक ठरली तरच गॅलोवेचा विक्रम शाबूत. समोर धावफलक लावणारा ऑटो त्याच्या हाताच्या खुणेची वाट बघत होता. चार हजार माणसांचे डोळे फलकावर. एमेट नेहमीच वेळ घ्यायचा, म्हणून कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मी वळून पाहिलं. पेन्सिल माझ्या पायाशी आली होती. त्याची हनुवटी छातीवर टेकली होती.

मी मूठ वर केली.

फलकापासून नुसता हात दिसतो, कुणाचा ते कळत नाही. मग मी बसून राहिले. तो डाव आणि पुढचे दोन; फटका कुणाला साधलाच नाही. मध्ये वाजवायचं ते वाजवलंही. शाळेत सिस्टर पर्पेच्युआंनी शिकवलं होतं तशी, पाठ ताठ, कोपरं अंगाशी. डॉक्टर म्हणतात, तो त्या क्षणीच गेला होता. मी दोनदा विचारलं.

परवा डेल्बर्ट येऊन गेला. तेहतीस वर्षांचा आहे, हा त्याचा शेवटचा मोसम. टोपी हातात धरून उभा. "बाई, मला वाटलं होतं चेंडू वाकडा उसळला. पण एमेटसाहेबांनी चूक दिली ना, मग माझीच असणार." मी म्हटलं, "थोडा हॅम घेऊन जा."

आता जे इतका वेळ लिहायचं टाळते आहे ते.

५८ साली वरच्या लीगमधल्या संघाचा माणूस तुला निवडायचं का ते बघायला आला होता. तुझ्या हातून चेंडू निसटला आणि एमेटने तुला चूक दिली. "सख्ख्या भावाला?" एवढंच म्हणून तू ओरेगॉनला निघून गेलास. त्या दुपारी एमेटच्या डोळ्यांवर ऊन होतं, क्लेम. त्याने मला विचारलं होतं, "लोरेटा, उसळला का गं?" चेंडू आला तेव्हा मी माझ्या नव्या बुटांकडे बघत होते. म्हटलं, "नाही, सरळ आला."

निर्णय बदलायला चोवीस तास असतात. तो सगळा वेळ मी त्याच्यासमोर होते. बोलले नाही. मला विचारलं होतं हे त्याने तुला कधी सांगितलं नाही.

लीगच्या कचेरीला मी काल पत्र टाकलं, की सातव्या डावातला तो फटका होता. ते ऐकतील की नाही, ठाऊक नाही. आधी गॅलोवेकडे जाऊन सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि दार लावलं.

मी पुन्हा वर जाणार नाही. ऑर्गनची पुस्तकं आपल्या शाळेला द्यायची. जिंकलेल्या संघातल्या सगळ्यांना देतात ती अजिंक्यपदाची अंगठी एमेटच्या नावाने येईल, ती ऑटोला. या मोसमाची वही डेल्बर्टला. त्यातला तो चौकोन रिकामाच आहे. एमेटने त्याला चूक दिली नव्हती, हे डेल्बर्टने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

५८ची वही तुला, पेन्सिलसकट. एमेटने कधी खोडरबर वापरलं नाही, म्हणून सोबत नवीन घेऊन ठेवलं आहे.

उशिरा बोलणारी,
लोरेटा